डाव्या पंखाचा हात

रस्त्यात कुणी गाडी मागे घेत असेल आणि शेजारी उभा असलेला माणूस "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असेल, तर मी आजही तिथे थांबते. पुढे काय होणार ते मला ठाऊक असतं. तो माणूस गाडीकडे बघत नसतो, भिंतीकडेही बघत नसतो. तो नुसता हात हलवत असतो, आणि धाडकन आवाज झाला की मोठ्या तत्परतेनं "बास" म्हणतो. हे काम आपल्याला जन्मतःच येतं असा आपल्याकडे प्रत्येकाचा समज आहे. ते शिकावं लागतं हे मला कारभारीनानांनी शिकवलं.

नाना मला भेटले बहात्तर सालच्या दुष्काळात. मी नगर शहरातली, तेवीस वर्षांची, आणि शेवगावपासून पाच-सहा मैलांवरच्या एका गावच्या शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागले होते. गणित सोडून बाकी सगळ्या विषयांत मी अडाणी आहे, हे गावाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. शाळेच्या विहिरीत ओतायला पाण्याचा टँकर यायचा. तो फाटकातून उलटा आत घ्यावा लागे. फाटकाचा एक खांब त्यानं आधीच पाडला होता आणि दुसऱ्यावर त्याचा डोळा होता. त्या दिवशीही सहा माणसं सहा बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करत होती. एवढ्यात खाकी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेला एक उंच, सडपातळ माणूस आला, ड्रायव्हरच्या दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बंद कर."

टँकर बंद झाला. मग त्यांनी त्या सहा जणांकडे नुसतं बघितलं, तेही बंद झाले. माझ्याकडे आणि आमच्या कवायतीच्या सरांकडे बोट करून ते म्हणाले, "बाई, तुमी डावा पंख. सर, तुमी उजवा."

"टँकरला पंख असतात?" मी विचारलं.

"समद्याला असत्यात. दिसत न्हाईत म्हनून तर आदळत्यात. आता आयका. हात वर धरायचा, तोंड उघडायचं न्हाई. जागा हाय तवर हात वर. शंका आली की खाली. हात खाली आला की गाडी उभी."

"आणि हात नुसता दुखला म्हणून खाली आला तर?"

"तरीबी उभी. गाडीला कुठं लगीन गाठायचंय?"

मी पंधरा मिनिटं हात वर धरून उभी होते. टँकर खांबाला न शिवता आत आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मला उगाचच मोठं काही केल्यासारखं वाटलं. नाना विहिरीपाशी जाऊन टँकरभोवती एक फेरी मारून आले आणि कुणाशी काही न बोलता निघून गेले.

माझी भाड्याची खोली आणि त्यांचं घर यांत एकच भिंत होती, त्यामुळे पुढचं सगळं मला भिंतीतूनही कळत गेलं. नाना मुंबईच्या विमानतळावर चौदा वर्षं ट्रॅक्टर चालवत होते. आणि आता घरी बसले होते, कारण त्यांना कामावरून तात्पुरतं दूर केलेलं होतं. गावात याची एकच हकिकत चालू होती, ती म्हणजे कारभारीनं विमान पाडलं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तर मला ते कुठल्या डोंगरावर पडलं तेही सांगितलं. खरी गोष्ट अशी होती की ते विमान जमिनीवरच होतं, रिकामं होतं, आणि माणसाच्या चालीनं चाललं होतं.

मोठं विमान स्वतःहून मागे जात नाही, हे मला नानांनीच सांगितलं. त्याला एका लांब लोखंडी दांडीनं ट्रॅक्टरला जोडतात आणि ढकलत किंवा ओढत न्यावं लागतं. हे ते पारावर सांगत तेव्हा कुणाचा विश्वास बसत नसे.

"आभाळात उडतंय आन हितं मागं सरकत न्हाई व्हय?" म्हातारे विचारत.

"न्हाई सरकत. जिमिनीवर त्याला हात धरूनच न्यावं लागतं."

"मंग तुमाला एवढ्याचा पगार देत्यात?"

यावर नाना हसत. त्यांची बायको, यमुनाकाकी, हसत नसे. ती म्हणे, "मुंबईत विमानं सरकवायची, आन हितं चुलीफुडची घागर सरकवा म्हनलं तर फेरी मारून येत्यात." ते खरंच होतं. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी नाना तिच्याभोवती एक फेरी मारत, मग ती बैलगाडी असो, धान्याचं पोतं असो की माझी नवी सायकल. त्या सायकलीभोवती तर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, मागचा ब्रेक सैल असल्याचं दाखवलं आणि तो आवळून दिल्याशिवाय मला बसू दिलं नाही. मी वैतागले होते. शाळेला उशीर झाला होता. "मानसाच्या चालीनं, बाई," एवढंच ते म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते कशालाही चालत असे.

अपघातांच्या गोष्टी ते सांगत त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. त्यातली एक मी वर्गात कितीतरी वर्षं सांगत आले. ट्रॅक्टरच्या त्या दांडीत एक लहानशी पिन असते, आणि ती मुद्दामच कच्ची केलेली असते. जोर जास्त झाला की ती मोडते आणि विमानाचा पुढचा पाय वाचतो. आपल्याच भागातला एक नवा गडी कामाला लागला. ही पिन सारखी मोडते, बोलणी खावी लागतात, म्हणून त्यानं घरी जाऊन लोहाराकडून चांगली जाड, पोलादी पिन करून आणली आणि मोठ्या अभिमानानं बसवली. पिन मोडली नाही. विमानाचा पाय वाकला.

"त्याला मी इचारलं," नाना सांगत, "जुवाची शिवळ लाकडाची का असती रं? बैल बुजला तर शिवळ मोडावी, बैलाची मान ऱ्हावी म्हनून ना? मंग? तर म्हनला, नाना, मला वाटलं सरकारी काम हाय, मजबूत पायजे."

स्वतःच्या अपघाताबद्दल मात्र ते बोलत नसत. मग एके दिवशी टपालानं एक लांब पाकीट आलं. आतला मजकूर इंग्रजी होता, तो वाचून दाखवायला नाना माझ्याकडे आले. मी वाचून अर्थ सांगितला. विमान हँगरमधून ओढून आणताना ट्रॅक्टरचालकानं निष्काळजीपणे, विमानाचं नाक जिच्यावर ठेवायचं ती, जमिनीवरची पिवळी रेघ सोडली, त्यामुळे डाव्या पंखाचं टोक प्रवाशांना विमानात चढवणाऱ्या जिन्याच्या गाडीवर आदळलं, असा आरोप होता. तो शाबीत झाला तर नोकरी जाणार होती.

नानांनी ते दोनदा वाचून घेतलं. "रेघ न्हाई सोडली," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "चवदा वरसांत एक डाव न्हाई सोडली. नोकरी जाऊ द्या. पर रेघ सोडली असं कागदावर ऱ्हायलं तर मी हितं पारावर कुठल्या तोंडानं बसू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला कुठे बघावं ते कळेना. मी गणिताची बाई. मी विचारलं, "मग नाना, पंख लागला कसा?"

त्यांनी मला अंगणात नेलं आणि लांब बांबूंनी लादलेल्या बैलगाडीची आठवण करून दिली. अशी गाडी बोळातून उजवीकडे वळायला लागली की मागचे बांबू डावीकडे बाहेर येतात आणि डावीकडच्या भिंतीला घासतात. बैल रस्त्याच्या मधोमध, चाकं रस्त्याच्या मधोमध, आणि शेपूट मात्र भिंतीला. विमानाचे पंख मागे झुकलेले असतात. विमान उजवीकडे वळलं की डाव्या पंखाचं टोक तसंच बाहेर फिरतं. जिन्याची गाडी त्या टोकाच्या वाटेत उभी होती.

"हे चौकशीत सांगितलं का तुम्ही?"

"सांगितलं. सायेब म्हनले, रेघेवर ऱ्हायलं तर काय लागत न्हाई, म्हनून तर रेघ मारलीय."

त्या रात्री मी कागदावर वर्तुळं काढली. नानांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वतीनं इंग्रजीत अर्ज लिहिला, सोबत मोजमापांची आकृती जोडली आणि शेवटी, तरुणपणाचा जोर म्हणून, असंही लिहिलं की कागदावर विश्वास नसेल तर आमच्या गावी या, प्रत्यक्ष दाखवतो. नानांना हे शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चौकशी करणारे साहेब निवृत्त इंजिनिअर होते, त्यांची मुलगी नगरला दिलेली होती आणि तिच्याकडे ते येणारच होते. अमुक रविवारी ते आमच्या गावी येणार होते. पत्र ऐकून नाना माझ्याभोवती फेरी मारतील की काय असं मला वाटलं.

"बाई, काय दाखवनार आपन त्यास्नी?"

"विमान," मी म्हटलं.

ते विमान आठ दिवसांत तयार झालं. माप खऱ्याच्या निम्मं. त्या वर्षी पेरणीच झाली नव्हती, त्यामुळे नानांचं शेत आमच्यासाठी सपाट आणि रिकामं होतं. एका बैलगाडीची चाकं म्हणजे विमानाची मागची चाकं. तिथून पुढे एक लांब वासा, तो सरपंचांच्या ट्रॅक्टरला जोडलेला. गाडीच्या दोन्ही बाजूंना मागे झुकवून बांधलेले मांडववाल्याचे बांबू, आणि ते वाकू नयेत म्हणून प्रत्येक टोकाखाली सायकलीचं जुनं चाक. वाशाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाकाच्या जागी, गवंड्याचा ओळंबा टांगला होता, म्हणजे नाक रेघेवर आहे की नाही ते कुणालाही दिसावं. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली, मुंबईतल्या वळणासारखीच वळवली. जिन्याच्या गाडीच्या जागी एक शिडी उभी केली आणि तिच्यावर मडकं ठेवलं. मडकं यमुनाकाकीचं. त्या वर्षी रिकाम्या मडक्यांना तोटा नव्हता, तरी तिनं ते सहजासहजी दिलं नाही.

"फुटलं तर?"

"फुटावं म्हनूनच ठिवतोय," नाना म्हणाले.

रविवारी साहेब जीपमधून उतरले तेव्हा खडी फोडण्याच्या कामावरची सगळी माणसं सुट्टीची बांधावर बसलेली होती. साहेब किरकोळ बांध्याचे, चष्मा, डोक्याला टोपी. त्यांनी ते बांबूंचं विमान पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "मी इथे आलोच नाही असं समजा."

"व्हय सायेब," सगळा बांध म्हणाला.

नानांनी लोकांना ताकीद दिली होती की कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी विमानाभोवती फेरी मारली, चारी चाकं बघितली, गाठी ओढून पाहिल्या आणि ट्रॅक्टरवर बसले. मी ओळंब्याशेजारी चालत होते. डाव्या पंखाजवळ नानांनी मुद्दामच माणूस ठेवलेला नव्हता. विमान माणसाच्या चालीनं रेघेवरून निघालं, उजवीकडे वळू लागलं, आणि डावा बांबू हळूच बाहेर येऊन शिडीला लागला. मडकं डुगडुगलं, पडलं नाही. नानांनी ट्रॅक्टर थांबवला.

साहेब जवळ आले. "तुम्ही थोडं डावीकडे घेतलंत," ते म्हणाले.

माझा संताप झाला. ओळंबा रेघेवर होता, मी डोळ्यांनी बघत होते. मी काही बोलणार तोच नाना ट्रॅक्टरवरून उतरले आणि सीटवरची धूळ पंच्यानं पुसून म्हणाले, "बसा सायेब. तुमी न्या."

साहेबांनी आयुष्य यंत्रांत काढलेलं होतं. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते चढले. विमान पुन्हा मागे आणून सुरुवातीच्या जागी लावलं, मडकं सरळ केलं. साहेब निघाले. असं रेखीव चालवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांची नजर ओळंब्यावर, माझी ओळंब्यावर. वळण आलं. ओळंबा रेघेवरून एक बोटभरही हलला नाही. बांधावर सगळे श्वास रोखून बसलेले होते, आणि पारावरच्या त्याच म्हाताऱ्याला ते सहन झालं नाही. एवढा मोठा साहेब गाडी वळवतो आहे आणि आपण काहीच मदत करत नाही, हे त्याच्या स्वभावातच बसत नव्हतं. तो उठून हात हलवत ओरडला, "येऊ द्या सायेब, येऊ द्या, येऊ द्या..."

साहेबांनी ऐकलं आणि येऊ दिलं. बांबू शिडीला लागला, शिडी कलली आणि मडकं खाली पडून त्याचे तुकडे झाले.

"बास," म्हातारा म्हणाला.

कुणी हसलं नाही. साहेबांनी ट्रॅक्टर बंद केला, मागे वळून फुटलेलं मडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ओळंबा?"

"रेघेवर आहे साहेब. बघा."

ते उतरले, वाकले, फक्कीच्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाला पांढरी फक्की लागली. उभे राहिले आणि जणू कुणी त्यांच्यावरच आरोप ठेवला असावा तसे म्हणाले, "मी रेघ सोडली नाही."

ते पाकीट आल्यापासून नाना हेच वाक्य बोलत होते. मला रडू आलं आणि मी साहेबांच्या टोपीत तोंड लपवलं. बांधावरची सगळी माणसं उभी राहिली होती. खडी फोडून हातांना घट्टे पडलेल्या त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्या अजून माझ्या कानांत आहेत. नानांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पुढे आले.

"सायेब, रेघ तुमी न्हाई सोडली. मीबी न्हाई सोडली. पर माझी एक चूक हाय, ती तुमच्या कागदावर न्हाई."

"कोणती?"

"डाव्या पंखाचा मानूस इन्चार्जनं दुसरीकडं धाडला हुता. मला त्याचा हात दिसत नव्हता. मागनं इन्चार्ज म्हनला, येऊ दे, येऊ दे. आन मी निघालो. हात दिसत नसताना निघालो. ते माझं हाय. तेवढं ल्ह्या."

मला नानांचा राग आला. जिंकलेला डाव हा माणूस आपल्या हातानं उधळतो आहे असंच मला वाटलं. काकी तर पदर तोंडावर धरून खाली बसली. साहेब चष्मा काढून पुसत राहिले.

"तुम्ही हे नसतं सांगितलं तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"मला कळलंय ना," नाना म्हणाले. "आन पुढच्या गड्याला कुनी सांगायचं? त्याला वाटंल रेघेवर ऱ्हायलं की झालं."

जाताना साहेबांनी मडक्याचा एक तुकडा उचलून खिशात टाकला. पुढे मुंबईत त्यांनी खऱ्या विमानावर, दोन्ही पंखांजवळ माणसं उभी करून, रीतसर तेच करून पाहिलं, आणि तेच झालं. नानांवरचा आरोप रद्द झाला. हात दिसत नसताना निघाल्याबद्दल एक लेखी समज मिळाली, ती नानांनी घरी चौकटीत लावून ठेवली. काकीला ते कधीच पटलं नाही. वळणावरची पिवळी रेघ खोडून नवी मारली गेली, आणि दोन्ही हात वर दिसल्याशिवाय विमान हलवायचं नाही, मग मागून कुणीही काहीही म्हणो, असा लेखी हुकूम निघाला. हुकमाची प्रत साहेबांनी मला पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी काकीच्या मडक्याबद्दल दिलगिरी कळवली होती.

नाना कामावर हजर व्हायला निघाले त्या सकाळी अर्धं गाव त्यांना पोचवायला शेवगावच्या स्टँडवर आलं होतं. मीही सायकलवरून गेले, ब्रेक आवळून. ज्यांनी त्यांचं विमान डोंगरावर पाडलं होतं, ते सगळे आता शेजारच्या गावच्या लोकांना ओळंब्याची गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत ओळंबा त्याच्याच हातात होता. नानांना हार घातला. खाकी पँट इस्त्रीची, कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले. ते एस.टी.त चढले, खिडकीशी बसले. काकी खिडकीखाली उभी राहून डब्यात काय काय आहे ते सांगत होती.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. ती मागे घ्यायची होती, मागे टांगा आणि भाजीवाल्या. कंडक्टरनं दारातून अंग बाहेर काढलं आणि सुरुवात केली, "येऊ दे, येऊ दे..."

नाना जागेवरून उठले. हारासकट खाली उतरले, गाडीच्या उजव्या बाजूला ड्रायव्हरच्या आरशात दिसतील असे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. कंडक्टर गप्प झाला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मग नानांनी गर्दीकडे बघितलं. मी कुठे उभी आहे ते त्यांना दिसलं.

"बाई," ते म्हणाले, "डावा."

मी सायकल काकीच्या हातात दिली, धावत दुसऱ्या बाजूला गेले आणि हात वर केला. एस.टी. माणसाच्या चालीनं मागे आली, वळली आणि कुणालाही न शिवता स्टँडबाहेर पडली. नाना धावत जाऊन चढले. धुरळ्यातून मला त्यांच्या खिडकीबाहेर आलेला हात दिसत होता, सरळ वर धरलेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी माझा खाली घेतला नाही.